निवाऱ्याला पैसा द्या, पण खाटा मोजून नको

बेघरांच्या निवाऱ्यावर सरकारी पैसा म्हटलं की कुणीतरी विचारतंच, आमच्या करातून यांना का पोसायचं? अहो, उघड्यावर झोपणारा माणूस तसाही सरकारी खर्चातच असतो. कधी सरकारी दवाखान्यात, कधी कोठडीत. फक्त तो खर्च निवाऱ्याच्या खात्यावर दिसत नाही.

माझा राग वेगळाच आहे. बऱ्याच ठिकाणी अनुदान खाटेमागे, रात्रीमागे मिळतं. खाट भरलेली असली की संस्थेचं भागतं. माणूस घर मिळवून कायमचा बाहेर पडला, तर त्याची नोंद कुठेच नाही. इमारतीला पैसा मिळतो, फीत कापली जाते, फोटो येतो. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याच्या पगारासाठी मात्र दरवर्षी नव्याने अर्ज.

वर, निवारा असूनही ही माणसं फुटपाथवरच झोपतात म्हणून नावं ठेवायची! आत कुलपाचं कपाट नसतं, म्हणून कागदपत्रांची पिशवी उशाला आणि चपलाही त्यातच. नवरा एका इमारतीत, बायको दुसऱ्या. सकाळी सगळ्यांना बाहेर काढणार. मग रात्रपाळी करून आलेल्याने झोपायचं कधी?

तातडीचा निवारा हवाच. मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईला धोरण ठरेपर्यंत थांबा म्हणता येत नाही. पण त्यानंतर काय? संक्रमण निवासात, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, निदान स्वतःची किल्ली मिळते आणि कागदपत्रांवर लिहायला पत्ता. अमेरिकेत केंद्रीय निधीतून चालणाऱ्या अशा निवासाची मुदत साधारण २४ महिने. तोवर परवडणारं घरच तयार नसेल तर माणूस पुन्हा रांगेत.

फिनलंडने २००८ पासून क्रमच उलटा केला. आधी स्वतःच्या नावाचा भाडेकरार, मग व्यसन, नोकरी वगैरे. हेलसिंकीत १९८५ मध्ये निवारे-वसतिगृहांत २,००० हून जास्त खाटा होत्या, २०१६ पर्यंत ५० च्या आसपास उरल्या. जुन्या निवाऱ्यांचे फ्लॅट झाले. २०२४ मध्ये मात्र घरभाड्याच्या भत्त्याला कात्री लागली आणि बऱ्याच वर्षांनी बेघरांचा आकडा तिथेही वाढला.

आता कुणी म्हणेल, मग निकाल बघूनच पैसे द्या. तिथेही मेख आहे. संस्था सोपी माणसं उचलतील. कमावता तरुण आत, भ्रमात बोलणारी म्हातारी बाहेर. म्हणून अवघड माणसाला जास्त दर हवा, अनुदान पगारासकट निदान तीन वर्षांचं हवं. आणि अहवालात एक रकाना सक्तीचा करा: इथून गेलेला माणूस वर्षभराने कुठे राहतोय?