वाळू वर, चिकण खाली: वाडीतले चर बुजवायला सांगणारा तो मेसेज

वैशाखात आमच्या आत्याच्या मोबाइलवर एक मेसेज आला. वर "किनारपट्टीच्या शेतकऱ्यांनी जरूर वाचा आणि पुढे पाठवा", खाली पाच मुद्दे. वाळूची जमीन म्हणजे चाळणी, तिच्यात पाणी साचतच नाही, तेव्हा चर बुजवून ती जागा लागवडीखाली आणा. झाडं पिवळी पडली तर युरिया आणि पाणी वाढवा. वाळू हा नैसर्गिक फिल्टर आहे, त्यामुळे शोषखड्डा (सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) विहिरीशेजारी घेतला तरी चालतो. खाली चिकणमाती लागलीच तर जेसीबीने फोडून टाका. आणि मळ्याच्या चिकण जमिनीवर दोन फूट वाळू पसरा, निचरा आपोआप सुधारेल.

आत्याची वाडी श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. माड आणि सुपारी. आतेभावाने मेसेज मनावर घेतला. पावसाआधी वाडीतले दोन चर बुजवून त्यांच्यावर सुपारीची रोपं लावली आणि विहिरीपासून दहा पावलांवर शोषखड्ड्यासाठी सिमेंटच्या रिंगा आणून टाकल्या. त्याच्यावर माझा राग नाही. तो वाडीत राबतो आणि कुणीतरी ठामपणे सांगितलेलं ऐकतो. राग आहे तो हे लिहिणाऱ्याचा, कारण त्याने किनाऱ्यावरच्या वाडीत कधी कमरेएवढा खड्डाही खणून पाहिलेला नाही.

मी खणला. मे अखेरीस, माडांच्या दोन ओळींच्या मधे. वरची वीतभर वाळू पाल्यापाचोळ्याने काळपट झालेली. तिच्याखाली पिवळसर, मुठीतून सुळसुळ गळणारी, हाडासारखी कोरडी. दोन-अडीच फुटांवर गंजाच्या रंगाचे ठिपके दिसायला लागले, जुन्या मुळांच्या वाटांवर तर विटकरी रेघाच. साडेतीन फुटांवर फावडं अडकलं ते निघेना. निळसर करडा चिखल. तळहातांमध्ये त्याची वात वळून बोटाभोवती गुंडाळली, तिला चीरही पडली नाही, म्हणजे अस्सल चिकण. वास सडक्या अंड्यांचा. कधीकाळी इथे खाजण, म्हणजे भरतीचं पाणी येणारी दलदल, असणार आणि वाऱ्याने, लाटांनी आणलेली वाळू त्याच्यावर पसरली असणार. आपल्याकडे पुळणीमागच्या पट्टीत असे दबलेले चिखल अनेक ठिकाणी सापडतात.

त्या गंजाच्या ठिपक्यांकडे नीट बघा. पाणी साचून हवा कोंडली की मातीतलं लोह विरघळून सुटतं आणि माती करडी पडते. पाणी उतरून हवा आत शिरली की तेच लोह गंज होऊन बसतं. म्हणजे अडीच फुटांखाली या वाडीत वर्षानुवर्षं पाणी चढतंय आणि उतरतंय. चर काढणाऱ्या आजोबांना लोहाचं रसायन माहीत नव्हतं, पण जमीन चिबडते हे पक्कं माहीत होतं.

आता पहिला मुद्दा. "वाळूत पाणी साचत नाही" हे वाळूपुरतं खरं आहे, पण पाणी वाळूपाशी संपत नाही. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या) सिंचन पुस्तिकेत साधा तक्ता आहे: वाळूत पाणी मुरण्याचा वेग तासाला 30 मिलिमीटरहून जास्त, चिकणमातीत तासाला 1 ते 5. म्हणजे वरचा दरवाजा सताड उघडा आणि खालचा जेमतेम किलकिला. आपल्याकडे हवामान खातं ज्याला अतिमुसळधार म्हणतं तो पाऊस 24 तासांत 115.6 मिलिमीटरपासून सुरू होतो, आणि आषाढात तसे दिवस काही नवलाचे नाहीत. चिकणमातीने तासाला 2 मिलिमीटर घेतलं असं धरा. दिवसात 48. उरलेलं 68 मिलिमीटर पाणी सपाट वाडीत जाणार कुठे? ते चिकणीवर बसतं. वाळूतली जी पोकळी भरते-रिकामी होते ती साधारण पाचव्या-चौथ्या हिश्शाइतकी, त्यामुळे 68 मिलिमीटर पाणी वाळूत फूटभर चढतं. एका दिवसात एक फूट. चिकण साडेतीन फुटांवर आहे. तीन दिवस झड लागली तर मुळांना श्वास घ्यायला जागा किती उरली ते तुम्हीच मोजा.

मी मोजलं. खड्डा बुजवताना त्यात भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा ठेवला होता. रोज सकाळी आत्या त्यात कोरडी काठी सोडून ओल कुठवर आली ते बघायची. आषाढातल्या झडीत पाणी जमिनीखाली जेमतेम एक वीत होतं. शेजारच्या वाडीत चर उघडे आहेत, तिथे तसाच पाइप लावला होता. तिथे पाणी दोन फूट खाली. जमीन तीच, पाऊस तोच.

मग माणसं या जमिनीला चाळणी का समजतात? कारण ती मे महिन्यात बघतात. जाड वाळूत ओल खालून वर फार थोडी चढते, त्यामुळे तीन फुटांवर ओलावा असला तरी वरची वाळू तापून कोरडी ठणठणीत. हीच जमीन उन्हाळ्यात तहानते आणि पावसात बुडते. एका महिन्यात बघून वर्षभराचा सल्ला देणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

युरियाचं थोडक्यात सांगतो. पाणी साचलेल्या जमिनीत मुळं गुदमरतात, नत्र उचलू शकत नाहीत, म्हणून झावळ्या पिवळ्या पडतात. वरून युरिया टाकला तर कोंडलेल्या जमिनीत त्यातलं बरंचसं नत्र वायू होऊन उडतं, काही पाण्याबरोबर विहिरीकडे जातं. "पाणी वाढवा" तर विचारूच नका. सुपारीचं मूळ आणि बुंधा कुजवणारी बुरशी निचरा नसलेल्या जागीच जास्त माजते. पिवळं झाड दिसलं तर आधी शेजारी हातभर खणून पाणी कुठे आहे ते बघा, पोत्याला हात नंतर.

शोषखड्ड्याच्या मुद्द्यामुळेच मी हे लिहायला बसलो. झाड मेलं तर दुसरं लावता येतं. इथे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे, आणि त्या विहिरीचं पाणी आतेभावाची चार वर्षांची मुलगी पिते.

वाळू गाळते, हे मला मान्य करावं लागेल. शहरांच्या पाणीपुरवठ्यात वाळूचे गाळण थर असतातच. पण जमिनीतली वाळू जंतू अडवते ती कोरडी असताना. सांडपाणी कणाकणावरून पातळ थरात हळूहळू उतरतं, मधे हवा असते, जंतू चिकटतात आणि मरतात. वाळू पाण्याने भरली की ते काम बहुतांशी थांबतं. पाणी मोकळं वाहतं आणि जंतू त्याच्याबरोबर जातात. आणि आमच्याकडे ते फारसं खाली जाऊ शकत नाही, खाली चिकण आहे. ते चिकणीच्या पाठीवरून आडवं सरकतं. कुठे? जिथे पातळी खाली आहे तिथे. सकाळी मोटर लावून टाकी भरली की वाडीतली सगळ्यात खालची पातळी विहिरीतच असते. म्हणजे दहा पावलांवर खड्डा आणि मधे पाण्याने भरलेली वाळू, ही सांडपाण्याला विहिरीकडे जायची सरळ वाट झाली.

यावर आपल्या देशाचं मानक आहे, सेप्टिक टँकचं, क्रमांक 2470. त्यात म्हटलंय की सांडपाणी जमिनीत मुरवायची व्यवस्था पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 18 मीटरच्या आत नको आणि घरापासून 6 मीटरच्या आत नको. 18 मीटर म्हणजे साठ फूट. हे किमान अंतर आहे, आणि खाली चिकण, वर भरलेली वाळू असेल तिथे मी तेवढ्यावरही निर्धास्त राहणार नाही. खड्डा शक्य तितका उथळ घ्या, भराव घालून जागा उंच करा, विहिरीपेक्षा वरच्या, चढाच्या बाजूला कधीच नको. आणि साठ फूट मोजताना शेजाऱ्याची विहीरही धरा. आपल्या वाड्या अरुंद आणि लांब, कुंपणापलीकडची बाव बहुधा आपल्या खड्ड्याच्या जास्त जवळ निघते.

"आमच्या विहिरीचं पाणी काचेसारखं स्वच्छ आहे" असं आतेभाऊ म्हणाला. असेलच. वाळू गढूळपणा काढते, म्हणून तर फसायला होतं. ग्रामपंचायत पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (जंतू मारणारी ब्लीचिंग) पावडर टाकते ती पाणी गढूळ दिसतं म्हणून नव्हे. गावच्या जलसुरक्षकाकडून पाणी तपासून घ्या, श्रावणात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा.

चिकण फोडायच्या सल्ल्यात अर्धं सत्य आहे. कुठेकुठे नांगराच्या तळाखाली वीतभर जाडीचा कठीण पापुद्रा तयार होतो, तो फोडला की पाणी खरंच उतरतं. पण खाजणाचा चिखल म्हणजे पापुद्रा नव्हे. किती जाड आहे ते माहीत नसतं आणि जेसीबीने काढलेलं भोक पुन्हा गाळाने लिंपलं जातं. त्याहून वाईट म्हणजे किनाऱ्यावर त्या थराच्या खाली खारं पाणी असू शकतं. वरच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी धरून ठेवायला काही ठिकाणी हीच चिकण उपयोगी पडते. ती फोडून मचूळ पाणी वर आलं तर माड कदाचित सोसेल, सुपारी नाही, आणि विहीर तर गेलीच.

वाळू पसरायचा पाचवा मुद्दा तर मुळातच उलटा आहे. चिकणीवर वाळू पसरून तुम्ही तीच जमीन हाताने बनवता जिची मी इथवर तक्रार करतोय. शिवाय ही वाळू आणणार कुठून? पुळणीवरून उचलायला सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांची) बंदी आहे, आणि तिच्यात मीठ असतं.

या जमिनीला लागतात ते चर. माडांच्या ओळींमधून, चिकणीच्या दिशेने जमतील तेवढे खोल, आणि मुख्य म्हणजे त्यांना तोंड हवं. तोंड व्हाळाला किंवा खाडीला मिळत असेल तर उधाणाची भरती बघून पातळी ठरवा, नाहीतर भरतीचं खारं पाणी चरातून वाडीत शिरेल. खारबंदिस्तीला (भरतीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला) उघाडी, म्हणजे झडपेचं दार, ठेवतात ती याचसाठी. लहान चराला लाकडाची झडपही पुरते. नवीन रोपं उंचवट्यावर लावा. आणि उन्हाळ्यात पाणी थोडं थोडं, पण वरचेवर. बुंध्याभोवती नारळाच्या सोडणांचं आणि झावळ्यांचं आच्छादन, म्हणजे वरची कोरडी वाळू ओल धरते.

गेल्या आठवड्यात पावसाने दोन दिवस उघडीप दिली तेव्हा आम्ही बुजवलेला पहिला चर पुन्हा काढला. सुपारीची रोपं उचलून बाजूच्या वरंब्यावर नेली. तिसऱ्या दिवशी आत्याच्या काठीला ओल दीड फूट खाली लागली. दुसरा चर अजून बाकी आहे. रिंगा अंगणातच पडून आहेत. दोरी धरून साठ फूट मोजले तर खड्डा शेजारच्या घराच्या विहिरीजवळ जातो, त्यामुळे जागा दोन्ही घरांनी मिळून ठरवायची आहे. त्यासाठी गणपतीनंतर बसायचं ठरलंय.