होणारं चुकत नाही म्हणे, मग ड्रमला झाकण कशाला?

परवा रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर दाजींनी एक मेसेज टाकला, तुमच्याकडंही आलाच असणार, वर तीन लाल दिवे, खाली हात जोडलेले आणि "किमान पाच ग्रुपवर पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल". सार असा की अपघात सांगून येत नाही, होणारं चुकत नाही, पण घाबरू नका, कारण प्रत्येक दुखापतीवरचं औषध आपल्या स्वयंपाकघरातच आहे. मग यादी. भाजलं की टूथपेस्ट, कापलं की हळद नाहीतर चहापूड, घोळणा फुटला की डोकं मागं, घशात अडकलं की केळं, साप चावला की करकचून दोरी, विंचवाला कांदा, पोटात भलतं काही गेलं की मिठाचं पाणी, पाण्यात बुडालेलं पोर उलटं धरून फिरवायचं. आणि शेवटी "डॉक्टरचे हजारो रुपये वाचवा".

दाजी मोठे आहेत, मनानं चांगले आहेत, कुणाकडं रात्री दोनला काय झालं तर गाडी काढून पहिले तेच जातात, म्हणून ग्रुपवर लगेच काही बोललो नाही. पण सोलापुरातल्या आमच्या घरात कापडाचे माग आहेत, अंगणात पाण्याचे तीन ड्रम आहेत आणि पुतण्या दीड वर्षाचा झालाय, धरायला गेलं की पळतंय, त्यामुळं गप्प बसणंही जमेना. तर एकेक घेतो, दाजी, राग मानू नका.

"भाजलं की लगेच टूथपेस्ट लावा, गारवा मिळतो."

गारवा वाटतो, मिळत नाही. पेस्टमधल्या पुदिन्यानं कातडीला गार वाटतंय एवढंच, आत मांस तापलेलंच असतं, आणि हात भांड्यापासून लांब आला तरी ती उष्णता आत आत भाजत राहते. तिला बाहेर काढायला लागतं वाहतं साधं पाणी, तेही 20 मिनिटं. दोन मिनिटं धरून "बरं वाटायलंय" म्हणून हात काढला तर उपयोग नाही. लगेच नाही जमलं तरी भाजल्यापासून तीन तासांच्या आत पाणी धरलं तर फायदा होतो. बर्फ नको, त्यानं भाजलेल्या कातडीचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो.

मी नववीत असताना चहाचं आधण डाव्या हातावर घेतलं होतं. आजीनं टूथपेस्ट लावली, शेजारच्या काकूंनी त्यावर निळी शाई ओतली, संध्याकाळी कुणीतरी हळद भुरभुरली, तीन थर. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ते सगळं ओल्या गॉजनं खरवडून काढलं, कारण खाली किती खोल भाजलंय हे डॉक्टरला दिसतच नव्हतं. भाजलं तेव्हा मी रडलो नव्हतो, खरवडताना मात्र खुर्चीचा हात धरून ओरडलोय, अजून आठवतंय. आणि एक गोष्ट मेसेजमध्ये कुठंच नाही, ती म्हणजे बांगड्या. आमच्या काकूच्या हातावर तेल उडालं तेव्हा सगळे लावायला काहीतरी शोधत बसले, पाटल्या कुणी काढल्या नाहीत, तासाभरात हात असा सुजला की शेवटी सोनाराकडून कापून काढाव्या लागल्या. पाणी चालू असतानाच अंगठी, बांगडी, घड्याळ काढायचं. कापड कातडीला चिकटलं असेल तर तेवढं मात्र ओढायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल 20 मिनिटं नळ कुठून आणू, इथं उजनी धरण भरून वाहिलं तरी आपल्या नळाला रोज पाणी येत नाही. बरोबर आहे. पण नळच पाहिजे असं नाही. खाली घमेलं ठेवा, ड्रममधलं पाणी तांब्यानं हातावर सोडत राहा, घमेल्यात पडलेलं तेच परत उचला, कोमट व्हायला लागलं की बदला, दीड-दोन बादल्यांत भागतंय, आणि ते पाणी नंतर झाडाला. त्यानंतर वर स्वच्छ सुती कापड सैलसर. भाजलेलं तळहातापेक्षा मोठं असेल, तोंडावर, जांघेत, सांध्यावर असेल किंवा लहान पोर असेल तर सरळ दवाखाना. फोड फोडायचे नाहीत, कितीही हात शिवशिवला तरी.

"रक्त थांबवायला हळद, चहापूड, नाहीतर जर्दा दाबा."

रक्त थांबतं ते दाबल्यानं, जर्द्यानं नाही. स्वच्छ कापड, वरून जोर, घड्याळ लावून 10 मिनिटं, आणि मधे उचलून "थांबलं का" बघायचं नाही. आम्हा माणसांना सगळ्यात अवघड तेच जातंय. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा, पहिलं काढू नका, नाहीतर नुकती धरलेली गाठ सुटते. हळद पुरणपोळीत चांगली.

मागावर तर हा विषय रोजचा. सूत नेणारा धोटा उडून डोळ्याला लागतो, पट्ट्यात बोट जातं, गावाकडं तेच काम कडबाकुट्टी करते. मेसेजमध्ये लिहिलंय तुटलेलं बोट बर्फात घाला. अर्धंच बरोबर, आणि या अर्ध्यानंच बोट जातंय, कारण थेट बर्फात ठेवलं तर पेशी गोठून मरतात आणि मग जोडता येत नाही. बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. पेशंट आणि पिशवी एकाच गाडीत (हसू नका, घाईत पिशवी मागाच्या कट्ट्यावरच राहिल्याचं मी ऐकलंय). आणि धनुर्वाताचं म्हणाल तर तो गंजाचा रोग नाही, त्याचे जंतू मातीत नि शेणात असतात, चकचकीत खिळ्यानंही होऊ शकतो. सगळे डोस झालेले असतील तर शेवटच्या डोसला मळक्या जखमेसाठी 5 वर्षं आणि साध्या जखमेसाठी 10 वर्षं उलटली की बूस्टर, दर ओरखड्याला इंजेक्शन नाही.

"घोळणा फुटला की डोकं मागं करा, कांदा हुंगवा."

डोकं मागं केलं की रक्त घशात, घशातनं पोटात, मग उलटी, आणि घरचे आणखी घाबरतात. पुढं वाकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत 10 मिनिटं दाबायचा, तोंडानं श्वास. एप्रिल-मे मधे आपल्याकडं पोरांचा घोळणा फुटतच असतो. अर्धा तास झाला तरी थांबेना तर मात्र दवाखाना.

"घशात अडकलं तर केळं किंवा भाताचा गोळा गिळवा."

म्हणजे आधीच अडकलंय त्यावर आणखी एक बूच. आपल्या गावाला हे जास्त कळायला पाहिजे, शेंगा आपल्या घराघरात, चटणीला भाजताना पोर कट्ट्यापाशी घोटाळतंय आणि आपण कौतुकानं दोन दाणे हातावर ठेवतो. चार-पाच वर्षांच्या आतल्या पोराला अख्खा दाणा द्यायचा नाही, कुटून द्या, चटणी द्या. खोकत असेल, रडत असेल तर हात लावू नका, खोकू द्या. आवाजच बंद झाला तर पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहातानं पाच दणके, नाही निघालं तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर झटका, परत दणके. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पोट दाबायचं नाही, हातावर पालथं घेऊन पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळव्याच्या टाचेनं पाच दाब. घशात दिसत नसताना बोट घालून चाचपलं तर दाणा आणखी आत जातोय.

"साप चावला की वर दोरी करकचून बांधा, चिरून रक्त काढा. विंचवाला कांद्याचा रस."

दोरीनं विष थांबत नाही, हात मात्र काळा पडतो. चिरलं तर विषाबरोबर रक्तस्राव पण. पायाला फळी बांधून हलू द्यायचं नाही, चालवायचं नाही, पैंजण-जोडवी काढायची आणि थेट सिव्हिल नाहीतर जवळचं सरकारी रुग्णालय. आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांवर, म्हणजे नाग, मण्यार, घोणस, फुरसं, एकच प्रतिविष चालतं, त्यामुळं साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही, त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. मण्यार तर लई फसवी, रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, पहाटे पोट दुखतंय आणि पापण्या उघडेनात म्हणून उठवावं लागतं. खाट नाहीतर नीट खोचलेली मच्छरदाणी, हा त्याच्यावरचा इलाज, आणि तो चावायच्या आधीचा.

विंचवाचं तर दाजी, आपल्याच महाराष्ट्रातल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांजवळ बसून काम केलं, प्राझोसिन या साध्या रक्तदाबाच्या गोळीनं विंचूदंशानं मरणारी माणसं वाचतात हे जगाला दाखवलं, 2022 ला त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आपण अजून कांदा चोळायलोय. पोराला विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार, यातलं काही दिसलं तर एक मिनिट थांबायचं नाही. गोळी मात्र डॉक्टरनंच द्यायची.

मिठाच्या पाण्याचं एका ओळीत. ॲसिड, फिनाईल, रॉकेल पोटात गेलं तर उलटी काढायची नाही, येताना ते घसा परत भाजतं किंवा फुप्फुसात जातं. बाटली घेऊन दवाखान्यात जा. आणि फिनाईल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायचं बंद करा, त्या बाटलीवरच निम्मी घटना लिहिलेली असते.

आता मेसेजची पहिली ओळ, जी मला सगळ्यात जास्त खटकली.

"अपघात सांगून येत नाही, होणारं चुकत नाही."

दाजी, तुम्ही होटगी रोडनं जाताना हेल्मेट घालता, हुक पण लावता, होणारं चुकतच नसेल तर मेच्या उन्हात ते डोक्यावर घेऊन कशाला फिरता? आणि सांगून येत नाही हे तर अजिबात खरं नाही. पत्र्याचा कूलर मार्चपासून बोटाला झिणझिण्या देत असतो, आपण म्हणतो "थोडा करंट मारतोय", आणि तसाच चालू ठेवून ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाणी भरतो. अजून कसं सांगायचं त्या कूलरनं? प्लग काढून पाणी भरायचं, तीन पिनचा प्लग, खरं अर्थिंग, आणि घराला 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की क्षणात वीज तोडणारा स्विच. एमसीबी (लोड वाढला की पडणारा नेहमीचा स्विच) आहे म्हणून निवांत राहू नका, एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. पाणी तापवायच्या रॉडचं पण तेच, बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय बादलीत बोट घालायचं नाही.

आणि ड्रम. पाणी रोज येत नाही म्हणून आपल्या प्रत्येक घरात ड्रम, टाकी, हौद भरलेला, हे आपल्या गावाचं स्वतःचं असं संकट आहे. दीड-दोन वर्षांच्या पोराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं, ते बादलीत वाकून बघतं, तोल जातो, डोकं खाली नि पाय वर, आणि हातानं ढकलून परत वर यायची ताकद त्याच्यात नसते. आवाज येत नाही, बुडबुड पण नाही. वीतभर पाणी पुरतं. आत भाकरी भाजणाऱ्याला वाटतंय पोर गप्प खेळायलंय. असं झालंच तर उलटं धरून फिरवायचं नाही, पोट पण दाबायचं नाही, त्यात वेळ जातो आणि पोटातलं बाहेर येऊन फुप्फुसात जातं. श्वास नसेल तर फरशीवर उताणं ठेवून तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीचे 30 दाब, 2 श्वास, परत 30, आणि दुसऱ्या कुणीतरी 108 लावायचा. एकटेच असाल तर आधी हे सुरू करा, फोन स्पीकरवर टाका.

पण हे सगळं करायची पाळी झाकणानं टळते. काल मी हे ग्रुपवर टाकलं, दाजींचा अंगठा आला, पुढं एक अक्षर नाही. आईनं मात्र सकाळी उठून तिन्ही ड्रमवर फळ्या टाकल्या, पोरानं सरकवू नये म्हणून एकीवर पाटा पण ठेवला. आता तो पाटा पोराच्या पायावर पडू नये म्हणून कड्या लावायला मिस्त्रीला बोलावलंय, उद्या येतो म्हणालाय.