डायलिसिसच्या खाटेवरचा मोकळा हात

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारले, आणि तेव्हापासून पार उत्तर कर्नाटकातले रुग्णही या गावाची वाट धरत आले आहेत. याच मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळ्याचे तंबोरे घडतात, तर शेजारच्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. कलेची एवढी श्रीमंती उशाशी असताना, मी पाहिलेल्या डायलिसिस आणि केमोथेरपीच्या वॉर्डांत रुग्णांच्या वाट्याला भिंतीवरच्या टीव्हीपलीकडे काही येत नाही, याची मला खंत वाटते.

आमच्या काकूंचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर खेपेला सुमारे चार तास चालते. फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडून घेतलेली रक्तवाहिनी, शक्यतो डाव्या, म्हणजे लिहिण्याच्या नसलेल्या हातावर करतात. सुया टोचलेला तो हात हलवायचा नसतो, पण उजवा मोकळाच असतो. नातीने पॅडला कागद लावून रंगखडू दिले, तेव्हा काकूंनी आधी नको नको म्हणत, मग चष्मा मागून घेऊन, ठिपक्यांची रांगोळी काढायला घेतली. एका हाताने काढताना कागद सरकतो, म्हणून पॅडला दोन्ही बाजूंनी चिमटे लावावे लागले, एवढीच काय ती अडचण. पलीकडच्या खाटेवरचे तासगावचे द्राक्षबागायतदार “वहिनी, तिसऱ्या ओळीत एक ठिपका कमी पडलाय” असे म्हणाले, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला घटक) व अंगात साठलेल्या पाण्याचे वजन सोडून त्या खोलीत प्रथमच दुसऱ्या विषयावर वाद रंगला.

चित्र काढल्याने मूत्रपिंड सुधारत नाही, आणि तसे भासवणाऱ्यांपासून दूरच राहावे. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात दीर्घ आजारात चिंता आणि वेदना सोसण्यास कलेची मदत होते, असे नोंदवले आहे. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनाही याची प्रचीती क्षयरोगाच्या सॅनिटोरियममध्ये स्वतः रुग्ण असतानाच आली होती.

मला आक्षेप आहे तो सणासुदीला वॉर्डात स्पीकर लावून, फळे वाटून, फोटो काढून निघून जाणाऱ्या कार्यक्रमांना. उलट्यांनी बेजार झालेल्या माणसाला उठून जाता येत नाही, म्हणून तो श्रोता ठरतो, हे बरे नव्हे. त्याला “आज नको” म्हणता आले पाहिजे. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटल्याने संसर्गाचा धोका असलेल्या रुग्णाला सामायिक ब्रश किंवा कुंभाराची ओली माती देऊ नये, प्रत्येकाची रंगपेटी वेगळी असावी, आणि कोणाला काय चालेल हे वॉर्डच्या सिस्टरला आधी विचारावे. कलाकारालाही हार-नारळावर न बोळवता मानधन द्यावे, कारण फुकटचे काम दोन महिन्यांत बंद पडते. जिथे औषधे, जेवण आणि साफसफाई यांचा खर्च धरला जातो, त्याच अंदाजपत्रकात ही एक ओळ घालावी. सुरुवात एका वॉर्डापासून, आठवड्यातल्या एका दुपारीपुरती झाली तरी चालेल.