नाडी आणि नळी

गेल्या श्रावणात आमच्या फाटकासमोर रोज सकाळी पानाची पिंक दिसायला लागली. रुपयाच्या नाण्याएवढा लालभडक डाग, तोही नेमका रांगोळीच्या कडेला. "समोर पाव्हणे आल्यात बघा, तेच तोबरा भरून फिरत असतात," बायकोने तपास पूर्ण करून आरोपपत्रही ठेवलं. मी निवृत्त मास्तर. भांडायचं तर लेखी. पेंटरकडे जाऊन 'येथे थुंकू नये' अशी पाटी सांगितली. तो म्हणाला, "सर, कन्नड वर घालू की मराठी?" बेळगावात १९५६ पासून अडकलेला प्रश्न माझ्या पाटीवर सुटणार नव्हता. दोन्ही ओळी शेजारी शेजारी, एकाच मापाच्या अक्षरांत घाल म्हटलं. पाटी इतकी लांब झाली की फाटकात मावेना.

चौथ्या दिवशी डागावर बादलीभर पाणी ओतलं, तर पिंक पाण्यावर तरंगली आणि तिच्यात इंद्रधनुष्य उमटलं. पान कितीही मसाला असलं तरी असं करत नाही. बोट लावलं, बुळबुळीत. वाकून बघितलं तर फाटकाला नाक लावून उभ्या असलेल्या आमच्या काँटेसा गाडीच्या पोटाखाली एक लाल थेंब लोंबकळत होता, पडू की नको अशा विचारात. तेवढ्यात समोरचे पाव्हणे गॅलरीत आले. मी पाटी उलटी करून भिंतीला टेकवली आणि सकाळी साडेसहाला त्यांना "जेवण झालं काय?" असं विचारलं.

काँटेसा सासऱ्यांची, १९९८ सालची. अंगकाठी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची, इंजिन जपानच्या इसुझूचं, जन्म बंगालमधल्या उत्तरपाड्याचा, पासिंग कर्नाटकाचं, केए-२२, आणि मालक मराठी. एवढ्या मुलखांचा संसार कुरकुर न करता चालवणारी दुसरी वस्तू आमच्या भागात नसेल. सासऱ्यांना तिच्या पॉवर स्टेअरिंगचं भारी कौतुक. येईल त्या माणसाला अंगणात नेऊन, इंजिन चालू करून, करंगळीने चाक फिरवून दाखवायचे. मुलगी बघायला गेलो तेव्हा मलाही दाखवलं होतं. मुलगी नंतर दाखवली.

ह्या करंगळीच्या मागे जे चालतं ते मला साठीत कळलं. इंजिनाच्या बेल्टवर एक पंप फिरतो. तो लाल तेल एका नळीने खाली स्टेअरिंगकडे दाबतो, आणि काम झालं की दुसऱ्या नळीने तेल डब्यात परत येतं. परतीची नळी गरीब, तिच्यात दाब नसल्यासारखाच. जाणारी मात्र तालमीतली. टायरमध्ये हवा ३० पौंडांची असते. ह्या नळीत स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवलं की १००० पौंडांच्या वर दाब जातो. आमची गळत होती ती हीच.

हे आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. त्याने नळीचा खराब तुकडा कापून फेकला, मध्ये पाण्याच्या पाईपचा तुकडा घातला आणि दोन्हीकडून क्लिपा आवळल्या. "आता काय होत नाही बघा सर." मीही मान डोलावली. मास्तरकी सोडल्यापासून कुणाचं चुकलेलं लगेच दाखवायचं नाही असं ठरवलंय.

टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटपर्यंत खरंच काही झालं नाही. गेट पडलं होतं. गाडी कुठली येणार होती कळेना, म्हणून पहिल्या गेटकडून जाऊ असं ठरवून मी स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे मारलं. बॉनेटखाली 'फट्' असा आवाज झाला, शिळं नारळ फुटावं तसा. तेल तापलेल्या सायलेन्सरच्या मुंड्यावर उडालं आणि पांढऱ्या धुरात मी, काँटेसा आणि निम्मं गेट दिसेनासं झालं.

"आग लागल्या ओ!"

"आग न्हवं, एण्णी सोराकत्तैतीरी! तेल गळतंय!"

"सर, पाणी वतू काय?"

"वतू नका ओ, तडकंल ते!"

धूर विरला तेव्हा गाडी रस्त्यात आडवी होती आणि स्टेअरिंग लोखंडाच्या रहाटासारखं झालं होतं. पॉवर स्टेअरिंगची पॉवर गेली की ते साध्या स्टेअरिंगपेक्षाही जड लागतं, हे कुणी सांगत नाही. मी दोन्ही हातांनी लोंबकळलो. एक भाजीवाल्या मावशी कौतुकाने थांबून बघत होत्या. "एवढी मोठी गाडी, आणि चाक फिरवायला बैल लागतंय जणू," असं म्हणून त्यांनी कोथिंबिरीची पेंडी माझ्याकडे बघतच दुसऱ्याला विकली. तेवढ्यात गेट उघडलं. दोन्ही बाजूंनी हॉर्न सुरू झाले, आणि हॉर्नला भाषेचा वाद नसतो.

मग नव्या नळीचा शोध. काँटेसा बनायची २००२ मध्येच बंद झाली. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात विचारून झालं, पुण्याला फोन झाले. एका दुकानदाराने छातीठोकपणे कुरिअरने पाठवलेली नळी दुसऱ्याच कुठल्या गाडीची निघाली. ती आता आमच्या नळाला लावून बायको तुळशीला पाणी घालते. आणि इतकी वणवण केल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, उद्यमबागला बघिटलासा काय?"

आपण गावभर हुडकायचं आणि काखेत कळसा. उद्यमबाग ही बेळगावचीच कारखान्यांची वसाहत. तिथे हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, वस्तू करणारे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जेसीबी, ट्रॅक्टर, प्रेस, सगळ्यांच्या नळ्या तिथे बनतात. मी ज्या दुकानात शिरलो तिथे आधीच एक ट्रॅक्टरवाला, एक जेसीबीचा ड्रायव्हर आणि एक क्रेनवाला असे बसले होते. काउंटरवरचा पोरगा कुणाकडेही न बघता "नाळे बर्री", म्हणजे उद्या या, म्हणत होता. मालक मात्र साठीचे, चष्मा कपाळावर. सगळे त्यांना मामा म्हणत होते, मीही म्हटलं.

"जुनी नळी आणलासा?"

नळीचा तुकडा मिस्त्रीने फेकला होता. मी पिशवीतून दोन्ही टोकांचे नट-जोड आणि एक पायजम्याची नाडी काढली. लांबी हिच्यावर मोजून आणली होती, दोन्ही टोकांना गाठ मारून. दुकान गप्प झालं. मामांनी नाडी हातात घेतली, हलकेच ताणली. नाडी चार बोटं वाढली.

"सर, ही ताणल्यावरचं माप की आधीचं?"

मी जेसीबीवाल्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"बरं. आणि ही दोन तोंडं एकमेकांकडे बघतात की पाठ करून असतात?"

हा प्रश्न मला आजवर फक्त लग्नाच्या फोटोग्राफरने विचारला होता. पण मामांचं बरोबर होतं. वाकडी टोकं पाव फेरा जरी चुकली तरी नळीला पीळ पडतो, आणि पीळ पडलेली नळी दाब आला की सरळ व्हायला बघते, त्यात नट ढिला होतो. "गाडीच घेऊन या," मामा म्हणाले. पंपाचा बेल्ट काढून, तालीम करत करत मी काँटेसा उद्यमबागला नेली. दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना हात थरथरत होते.

"मामा, जेसीबीची घाला. एकदाच भक्कम," मी म्हटलं.

"जेसीबीच्या नळीत तारेच्या दोन जाळ्या. ती वाकायला मागत नाही, तुमच्या इंजिनातच उभी राहील. एका जाळीची बास. १८० बार, म्हणजे अडीच हजार पौंडांच्या वर सोसती. तुमचा पंप तेवढा देतच नाही." मग त्यांनी मला आत बसवून रेस द्यायला लावली. इंजिन आपल्या रबरांवर एका अंगाला कलंडलं आणि परत आलं. "बघिटलासा? इंजिन हालतंय, स्टेअरिंग हालत नाही. मधल्या नळीला थोडी ढील पाहिजे."

मी इतकी वर्षं संसार आणि शाळा ह्यांच्या मधली नळी होतो, पण ते मामांना सांगितलं नाही.

जुनी टोकं कापून त्यांवर नवे निपल ब्रेझिंगने, म्हणजे पितळ वितळवून, जोडले, नळी मशीनमध्ये घालून कडा दाबल्या. नळीवर लांबीभर एक पांढरी ओळ छापलेली असते. ती बसवल्यावर सरळ राहिली तर पीळ नाही. मामांनी नळी सायलेन्सरपासून हातभर दुरून वळवली, वळण पाच इंचांपेक्षा आवळ होऊ दिलं नाही, बॉडीला घासते तिथे रबराचा तुकडा घालून क्लिप मारली. तांब्याचे वॉशर नवे. जुनेच चालतील काय, असं मी विचारलं. मामांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, एवढंच.

घरी हवा काढायचं काम उरलं. पुढची चाकं जॅकवर, इंजिन बंद, भाचा स्टेअरिंगवर, मी डब्यात तेल ओतायला. "डावीकडं! आता उजवीकडं! शेवटाला धरून ठेवू नको रे!" तेलात फेस आला की थांबायचं, बसला की पुन्हा. वीस फेऱ्यांत समोरच्या गॅलरीत खुर्च्या लागल्या. पाव्हणे तिथूनच सांगायला लागले, "अजून बुडबुडे आहेत ओ!" इतक्या लांबून त्यांना काय दिसत होतं देव जाणे, पण बुडबुडे होतेच.

रात्री गाडी फाटकाशी लावली. करंगळीने चाक फिरवून बघितलं, दोनदा.

सकाळी उठून आधी फाटकाकडे गेलो. रांगोळीच्या कडेला लाल डाग. पोटात धस्स झालं. गुडघ्यावर बसून पाणी शिंपडलं. तरंगला नाही. इंद्रधनुष्य नाही. बोट लावलं, खरखरीत. सुपारी. कात. चक्क गुलकंद.

"अगं, बाहेर ये! पान आहे! खरं पान!"

बायको बादली घेऊन आली. समोर गॅलरीत पाव्हणे उभे होते, गाल फुगलेला. मी त्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला.