टागालोग ही चिनीची लेक नव्हे

'फिलिपिन्सची टागालोग भाषा म्हणजे मुळात चिनीच. लोक मूळचे चीनचे, अर्धे शब्द चिनी, व्याकरणही चिनी वळणाचं. स्पॅनिश लोकांनी रोमन लिपी लादली म्हणून ती वेगळी दिसते, एवढंच. चिनी येत असेल तर टागालोग महिन्याभरात येते.' अशा आशयाचा मजकूर हल्ली व्हॉट्सॲपवर इकडून तिकडे फिरत असतो. त्यात चिमूटभर खरं आहे आणि त्या चिमटीच्या जोरावरच बाकीचं खपून जातं. म्हणून एकेक मुद्दा सुटा करून पाहू.

'लोक मूळचे चीनचे, म्हणून भाषाही चिनी'

चिनी ही चिनी-तिबेटी कुळातली. तिचे नातेवाईक तिबेटी, बर्मी वगैरे. टागालोग ऑस्ट्रोनेशियन कुळातली. या कुळाचा पसारा आफ्रिकेजवळच्या मादागास्करपासून थेट हवाईपर्यंत आहे. पाच या आकड्याला टागालोगमध्ये 'लिमा' म्हणतात. मलायमध्येही लिमा, हवाईयनमध्येही लिमा, मादागास्करच्या मालागासीत 'दिमी'. आठला टागालोगमध्ये 'वालो', हवाईत 'वालू', मालागासीत 'वालु'च्याच जवळचा उच्चार. मँडारिनमध्ये, म्हणजे चीनच्या राजभाषेत, पाच म्हणजे 'वू' आणि आठ म्हणजे 'बा'. पोटच्या आकड्यांतच मेळ नसेल तर रक्ताचं नातं कुठून लावायचं?

यावर 'पण ते लोक तैवानहूनच आले ना?' असं हमखास विचारलं जातं. आले, सुमारे ४,००० वर्षांपूर्वी. मात्र तेव्हाच्या तैवानात चिनी कोणी बोलतच नव्हतं. तिथल्या आमिस, पायवान या आदिवासी भाषा आजही ऑस्ट्रोनेशियन आहेत आणि त्यांच्यातही पाच म्हणजे लिमाच. चिनी लोकांची मोठी वस्ती तैवानात झाली ती सतराव्या शतकापासून पुढे. त्याही आधी या दर्यावर्दींचे पूर्वज दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर असावेत, असं बहुतेक संशोधक मानतात. पण चीनच्या पहिल्या, छिन साम्राज्याच्या फौजा त्या दक्षिण भागात उतरल्या त्याच मुळी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. नकाशावरचं आजचं नाव चार हजार वर्षं मागे ढकललं की असले घोटाळे होतात.

चिनी वंशाचे फिलिपिनो मात्र खरोखरच पुष्कळ आहेत. राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांचा एक पूर्वज फूच्यान प्रांतातून आलेला होता, माजी राष्ट्राध्यक्षा कोराझोन आकिनो यांचं माहेरचं कोहुआंगको घराणंही तिथलंच. पण भाषा वंशावळीतून उतरत नाही. ती घरातून आणि बाजारातून येते.

'अर्धे शब्द चिनी'

मघाशी म्हटलेली चिमूट ती इथे. टागालोगमध्ये चिनी शब्द आहेत आणि तेही रोजच्या वापरातले. थोरला भाऊ 'कूया', थोरली बहीण 'आते', सोया सॉस म्हणजे 'तोयो', किल्ली म्हणजे 'सूसी', कानातलं म्हणजे 'हिकाव', शिवाय पान्सित, लुंपिया, श्योपाव हे खाण्याचे पदार्थ. नेहमीचं गिऱ्हाईक आणि त्याचा ठरलेला दुकानदार या दोघांनाही म्हणतात 'सूकी'.

आता यादी जरा निरखून पाहा. स्वयंपाकघर, नातीगोती, दुकानदारी. शेजारी राहणाऱ्या व्यापाऱ्याकडून जे घेतलं जातं तेच सगळं. मनिलातली बिनोंदो ही चिनी वस्ती १५९४ सालची, आणि तिथे आलेले लोक बहुतेक फूच्यानचे. त्यामुळे हे शब्द त्यांच्या हॉक्कियन भाषेतले आहेत, मँडारिनमधले नव्हेत. मँडारिनमध्ये थोरला भाऊ 'गगं', सोया सॉस 'ज्यांगयौ' आणि किल्ली 'याओश्'. बीजिंगच्या माणसासमोर 'सूसी' म्हटलंत तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. 'चिनी' या एका नावाखाली एकमेकांना न कळणाऱ्या कितीतरी भाषा येतात, हे त्या मजकूर लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

आणि उसने शब्द मोजूनच कूळ ठरवायचं, तर आपली चावी, साबण, बटाटा, पगार पोर्तुगीज आहेत. अर्ज, वकील, दुकान, जमीन फारसी-अरबीतून आलेत. मराठीला लिस्बनची लेक म्हणायला कोणी तयार आहे का? टागालोगमध्ये स्पॅनिश शब्द चिनीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. टेबल 'मेसा', चमचा 'कुत्सारा', खिडकी 'बिन्ताना'. तरीही ती स्पॅनिशची पोटभाषा आहे असं कोणी म्हणत नाही.

संस्कृतातून आलेले शब्दही आहेत: चेहरा म्हणजे 'मुखा', शिक्षक म्हणजे 'गुरो', 'दिवाता' म्हणजे देवता, राष्ट्र म्हणजे 'बान्सा', आपला वंश. हे मलाय-जावाकडून फिरत फिरत पोचले. लगेच छाती फुगवून 'टागालोग तर आपलीच' असा उलट मजकूर कोणी पाठवू नये. तोही इतकाच खोटा असेल.

'व्याकरणही चिनी वळणाचं'

या विधानाला काही म्हणजे काही आधार नाही. मँडारिनमध्ये खाणे म्हणजे 'छ्'. काल खाल्लं, आज खातोय, उद्या खाईन, काहीही असो, शब्द हलत नाही. काम झालं हे सांगायला मागे 'ल' लावतात, बाकी काळ 'उद्या', 'काल' अशा शब्दांवरून कळतो. टागालोगमध्ये 'काइन' हे मूळ. त्याच्या पोटात तुकडा घुसवतात आणि होतं 'कुमाइन', खाल्लं. पहिलं अक्षर दुहेरी केलं की 'कुमाकाइन', खातोय. 'काकाइन', खाईल. दुसरा तुकडा घुसवला की 'किनाइन', म्हणजे अमुक वस्तू खाल्ली गेली. लिहिणे म्हणजे 'सुलात', त्याचंही 'सुमुलात', 'सिनुलात', आणि ज्याला लिहिलं त्याच्यावर भर द्यायचा तर 'सिनुलातान'.

क्रियापद सहसा वाक्याच्या सुरुवातीला येतं: 'कुमाइन आंग बाता', खाल्लं मुलाने. 'आंग' हा शब्द वाक्यातल्या मुख्य घटकाला लागतो, आणि तो घटक खाणारा आहे की खाल्लेला, हे क्रियापदाचं रूप सांगतं. 'मुलाने आंबा खाल्ला' यात क्रियापद मुलाप्रमाणे नव्हे तर आंब्याप्रमाणे बदलतं, याची सवय असलेल्या मराठी माणसाला हे निदान ओळखीचं वाटेल. चिनी माणसाला पाटी कोरी करूनच बसावं लागतं.

पुरावा म्हणून एक जोडी हटकून दाखवली जाते: दोन्ही भाषांत 'बा' आहे. टागालोगचा 'बा' प्रश्न विचारतो आणि पहिल्या शब्दाला चिकटून येतो: 'मागांदा बा आंग बाहाय?', घर सुंदर आहे का? मँडारिनचा 'बा' वाक्याच्या शेवटी येतो आणि 'चल ना', 'असेल बहुतेक' असा सूर लावतो. आवाज सारखा, काम वेगळं. दुसरी जोडी 'आपण' आणि 'आम्ही'ची. टागालोगमध्ये 'तायो' आणि 'कामी', उत्तर चीनमध्ये 'झानमन' आणि 'वोमन'. बरोबर आहे, पण हा फरक मराठीतही आहेच की!

'ऐकायला सारख्याच'

चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो. 'मा' चार सुरांत म्हटलं की चार शब्द होतात. टागालोगमध्ये असे सूर नाहीत, आघात आहे. 'आसो'त पहिल्या अक्षरावर जोर दिला तर कुत्रा, दुसऱ्यावर दिला तर धूर.

'लिपी तेवढी स्पॅनिशांनी बदलली'

बदलली खरी, पण बदलण्याआधी चिनी नव्हती. टागालोगची जुनी लिपी बायबायिन, ब्राह्मी कुळातली. व्यंजनात 'अ' मुरलेला. वर खूण केली की इ-ए, खाली केली की उ-ओ. बाराखडी घोकलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. १५९३ साली मनिलात छापलेल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पुस्तकात टागालोग मजकूर रोमन आणि बायबायिन अशा दोन्ही लिप्यांत आहे. मनिलातल्या चिनी लोकांसाठी मात्र पाद्र्यांनी त्याच सुमारास वेगळं पुस्तक चिनी अक्षरांत काढलं. एका भाषेने काम भागलं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

याहून जुना पुरावा १९८९ मध्ये लगुना प्रांतात सापडलेला ताम्रपट. एका माणसाचं कर्ज माफ झाल्याचा तो दाखला आहे. भाषा मुख्यतः जुनी मलाय, लिपी जावाकडची कावी. सुरुवात 'स्वस्ति शकवर्षातीत ८२२, वैशाख मास' अशी, पुढे चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. म्हणजे इ.स. ९००. चिनी अक्षर त्यावर एकही नाही, आणि कालगणना आपल्या भिंतीवरच्या पंचांगातली.

'चिनी येत असेल तर टागालोग महिन्याभरात'

चिनी येत असेल तर बिनोंदोच्या हॉटेलातलं मेनूकार्ड जरा लवकर कळेल, तेही हॉक्कियन येत असेल तर. क्रियापदांशी झगडा कोणालाच चुकत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी टागालोगला सुमारे १,१०० तास धरते, मँडारिनला २,२००. म्हणजे अवघडपणातही दोघी एका रांगेत नाहीत.

डॉक्टरकी शिकायला फिलिपिन्समधल्या दावाओला निघालेल्या आपल्याकडच्या मुलांनी तर आधी आणखी एक चौकशी करावी. त्या शहरात रस्त्यावर जास्त ऐकू येते ती सेबुआनो, म्हणजे बिसाया. टागालोगमध्ये सकाळचा नमस्कार 'मागांदांग उमागा', दावाओच्या बाजारात 'मायोंग बुन्ताग'.