जिवाजीगावला जाताना

आधी नावाचं बघू. चीनच्या सिच्वान प्रांतात, उत्तरेकडच्या डोंगरात, रंगीत तळ्यांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचं नाव जिउझायगोउ. जिउ म्हणजे नऊ, झाय म्हणजे कुसू घातलेलं गाव, गोउ म्हणजे घळ. नऊ तिबेटी गावांची घळ. हे शिकायला एक मिनिट लागतं, म्हणूनच शिकू नका. विमानतळावर ग्रुप जमला की कोणी तरी काका 'जिवाजीगाव' म्हणतीलच. तेच पुढचे आठ दिवस चालवा. टॅक्सीवाल्यालाही तेच सांगा, आणि त्याला कळलं नाही तर तेच अजून मोठ्यानं सांगा. शांघायहून आलेल्या एखाद्यानं नांदेडला 'नंदू' म्हटलं तर आपण पोट धरून हसू, पण ते वेगळं.

तुम्ही जाणार हे तर ठरलंच आहे. पाच वर्षं बंद असलेली भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि शेजारचे जाऊन आले. यापेक्षा मोठं कारण लागत नाही. बुलढाण्यातलं लोणारचं तळं जून २०२० मध्ये चक्क गुलाबी झालं होतं, उल्का पडून तयार झालेलं, घरापासून एका रात्रीच्या एसटीवर. ते तुम्ही पाहिलेलं नाही. 'एकदा जायचंय' म्हणून ते बाजूला ठेवलंय, आणि ते बरोबरच आहे. रंगीत पाणी बघायला पासपोर्ट लागला तरच ते रंगीत.

कधी जावं? १ ते ७ ऑक्टोबर. चीनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा असतो, सगळा देश घराबाहेर पडतो, आणि तुम्हीही त्यात असलेच पाहिजे. उद्यानानं दिवसाला ४१,००० माणसांची मर्यादा घातली आहे खरी, पण लालबागच्या रांगेत रात्र काढलेल्याला असल्या आकड्याचं काय! २ ऑक्टोबर २०१३ ला तर बस मिळेनात म्हणून लोकांनी आतला रस्ताच अडवला, हजारो माणसं अंधार पडेपर्यंत खोऱ्यात अडकली, आणि शेवटी उद्यानाला तिकिटाचे पैसे परत करावे लागले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मॅपल लाल-पिवळे होतात, सुट्टीची गर्दी ओसरते आणि तळी सगळ्यात सुंदर दिसतात असं जाणकार म्हणतात. पण तेव्हा आपल्याकडे दिवाळी, नाहीतर तिची तयारी. चकल्या कोण करणार?

चकल्यांवरून आठवलं. बॅगेत काय घ्यायचं ते मी सांगायला नको. थालीपीठाची भाजणी, खाकरे, मेतकूट, लसणीची चटणी, आणि 'फक्त गरम पाणी घाला'वाली पोहे-उपम्याची पाकिटं. चिनी माणूस उन्हाळ्यातही गरम पाणी पितो, त्यामुळे तिथे प्रत्येक रेल्वे स्टेशनवर, गाडीच्या प्रत्येक डब्याशी, हॉटेलच्या प्रत्येक खोलीत उकळतं पाणी फुकट मिळतं. तुमचा अख्खा प्रवास त्या नळाच्या जिवावर चालेल. नळाखाली उपम्याचा डबा धरून उभं असताना 'काय हो हे लोक, पाणी पण गरम पितात!' असं म्हणायला विसरू नका.

तरी एकदा तिथलं खाणं भागच पडतं. सिच्वान म्हणजे कोण, माहीत आहे ना? आपलं शेजवान! तेच ते, नाक्यावरच्या गाडीवरचं, लालभडक. सिच्वानच्या राजधानीत, चेंगडूत, उतरल्या उतरल्या हॉटेलात जाऊन शेजवान फ्राइड राइस मागा. वेटर दिङ्मूढ होईल. त्याला फोनवर भाषांतर करून दाखवा. तो म्हणेल, 'सिच्वानचा भात? आमच्याकडचा सगळाच भात सिच्वानचा.' ती चटणी भारतात जन्मली, भारतात वाढली आणि तिनं सिच्वानचं तोंडही पाहिलेलं नाही, हे तुम्हाला तिथल्या टेबलावर कळेल. तेव्हा एकमेकांकडे बघून ठामपणे म्हणा, 'यांना ऑथेंटिक येत नाही.'

मग जे येईल ते एका घासात जीभ बधिर करेल. घाबरून डॉक्टर शोधाल. थांबा, हे मात्र मी जरा गंभीरपणे सांगतो, लेखाची शिस्त मोडून. ती मिरची नव्हे, 'ह्वाज्याव' नावाचं फळ आहे, आणि ते आपल्या तिरफळाचं सख्खं चुलत भावंड आहे. बांगड्याच्या आमटीत कोकणी-गोव्याची माणसं जे टाकतात तेच. हजारो किलोमीटरवर आजीच्या स्वयंपाकघरातला वास येतो आणि बशीवर वाकलेला माणूस क्षणभर गप्प होतो. मी झालो होतो. तुम्ही होऊ नका. 'कसला साबणासारखा वास!' म्हणून बशी सरकवा आणि खाकरा काढा.

शाकाहारी असाल तर एकच शब्द पुरतो: सू. चिनी भाषेत 'सू' म्हणजे शाकाहारी जेवण. पण भर हॉटेलात, वेटरकडे बघून, 'मला सू' असं म्हणायला मराठी जीभ धजत नाही, आणि म्हटलंच तर तो मुकाट आणून देईल आणि आपला अख्खा ग्रुप टेबलाखाली जाईल. त्यापेक्षा कोंबडीचा आवाज काढून हातानं 'नाही नाही' करा. मग कोंबडी नक्की येते.

चेंगडूहून पूर्वी रस्त्यानं आठ-दहा तास लागायचे. ३० ऑगस्ट २०२४ ला नवी रेल्वे सुरू झाली आणि आता दोनेक तासांत डोंगरातल्या स्टेशनावर उतरता येतं, तिथून पुढे उद्यानापर्यंत बस. बोगद्यामागून बोगदा. हा सगळा भूकंपाचा मुलूख, २००८ चा मोठा धक्का याच डोंगरांनी खाल्लेला. त्यातून ही लाइन नेली आहे. तुम्ही बोगद्यात रेंज जाते म्हणून कटकट करा. गूगल तसंही तिथे चालत नाही, व्हॉट्सॲपही नाही. हे भारतातच कळलं होतं, पण 'बघू तिथे गेल्यावर' म्हटलं होतं. आता घरच्यांना सुखरूप पोचल्याचं कसं कळवणार, यावर पूर्ण एक दिवस घालवता येतो. तळं उद्या बघू.

तिकिटाच्या खिडकीवर पासपोर्ट मागतील, कारण तिकीट माणसाच्या नावानंच निघतं. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून या. हंगामात प्रवेशाचे १९० युआन आणि आतल्या बसचे ९०. 'परदेशी बघून लुटतात' असं म्हणण्याची हीच जागा. मागे उभ्या चिनी कुटुंबानंही नेमके तेवढेच दिले, ही गोष्ट मनावर घेऊ नका. अजिंठ्याला आपण ४० रुपये देतो आणि परदेशी माणसाकडून ६०० घेतो, तीही घेऊ नका. पाहुणा देवासारखा, आणि देवापुढे पेटी असतेच.

आत गेलात की बस. खोरं इंग्रजी 'वाय'च्या आकाराचं आहे: खालचा दांडा शुझेंग, वरचे दोन फाटे रिझं आणि झेचावा, आणि तिघं मिळतात तिथे नुओरिलांगचा धबधबा, सुमारे तीनशे मीटर रुंद. शहाणी माणसं बसनं सरळ वर जातात आणि लाकडी पायवाटेनं तळ्यातळ्यातून उतरत येतात. तुम्ही असलं काही करू नका. प्रत्येक थांब्यावर उतरा, फोटो काढा, पुन्हा बस पकडा. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपली कला इथे फुकट जाते, काचा बंद असतात, तेवढी एक खंत राहील. पायवाट रिकामी असते. तिथे पाण्याचा आवाज येतो, आणि माणसाला एकदम एकटं वाटतं. ग्रुप टूरमध्ये हे परवडत नाही.

उंचीची भीती बाळगा. खोरं दोन हजार ते साधारण ३,१०० मीटरवर आहे. रोहतांगला तुम्ही जवळजवळ चार हजारांवर, भाड्याचा फरकोट घालून, बर्फात घसरत मॅगी खाल्ली होती. तरी इथे डबाबंद ऑक्सिजन विकत घ्या. नाकाला लावून फोटो काढा. तेवढ्यासाठीच तो असतो.

आता तळी. शंभरावर आहेत. तिथली माणसं त्यांना 'हायझ' म्हणतात, म्हणजे समुद्राची लेकरं. डोंगरातल्या लोकांनी समुद्र पाहिला नव्हता, पण लेकरं ओळखली. एक गोष्टही सांगतात: दागं नावाच्या देवानं वारा आणि ढग घासून आरसा केला आणि सेमो देवीला दिला, तो तिच्या हातून पडला, १०८ तुकडे झाले, त्यांची तळी झाली. थोडक्यात, देवीचा फुटका आरसा. त्यात तुम्ही कोणाला बघायचं हे सांगायची गरज नाही. सेल्फी स्टिक बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे.

पाच फुलांचं तळं, वूह्वा हाय, सगळ्यात नावाजलेलं. खोली जेमतेम पाच मीटर. एकाच पाण्यात निळा, मोरपंखी, पोपटी, हळदीसारखा पिवळा, आणि तळाशी आडवे पडलेले झाडांचे बुंधे, बोटावर मोजता येतील इतके स्पष्ट. कोणी रंग टाकलेला नाही. डोंगर चुनखडीचा आहे. पाणी त्यातला चुना विरघळवून आणतं आणि वाटेत सोडतं, दाणा दाणा. त्या चुन्याचेच बांध झाले आणि त्यांनी पाणी अडवलं. तोच चुना गाळ धरून खाली बसवतो, म्हणून पाणी काचेसारखं. खोल पाणी लाल उजेड गिळतं, निळा परत पाठवतं. पिवळा-हिरवा देतं तळाचं शेवाळ. पडलेल्या ओंडक्यावरही चुन्याचं कवच चढतं, मग तो कुजत नाही, वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. एवढं सगळं तिथे लिहिलेलं असतं. पाटीला टेकून फोटो चांगला येतो.

या रंगाची एकच अट आहे, कोणी हात लावायचा नाही. मग आपली परीक्षा तिथेच. गोदावरीच्या पुलावरून गाडी जाताना ज्यानं आयुष्यभर रुपया टाकला, त्याचा हात इथे खिशात राहील कसा? टाका. इतकं स्वच्छ पाणी म्हटल्यावर निदान पाय तरी बुडवावेत, तोंडावर शिपका मारावा, थोडं तीर्थ बाटलीत घ्यावं. रखवालदार ओरडेल. भाषा येत नसल्यानं तो आशीर्वाद समजा. तसंही या तळ्यांना सवय असावी. १९७९ पर्यंत इथे लाकूडतोड चालू होती. ८ ऑगस्ट २०१७ च्या रात्री सात रिश्टरचा धक्का बसला, माणसं गेली, आणि ठिणग्यांच्या तळ्याचा चुनखडीचा बांध फुटला. सकाळी लोकांना निळ्याच्या जागी मातकट तळ दिसला. उद्यान बंद ठेवून, बांध सांधून, ते पाणी परत आणायला वर्षं गेली. तुमच्या एका बिसलरीच्या झाकणानं असं काय होणार आहे?

आणि ती नऊ गावं? विचारू नका, कोणी विचारत नाही. त्यातल्या सातांत आजही वस्ती आहे. पूर्वी जव पिकवायचे, याक पाळायचे. आता शेती नाही, पर्यटक आहेत, म्हणजे तुम्ही. शुझेंग गावात पताका फडफडतात, पाण्यावर प्रार्थनाचक्रं फिरतात. तिथल्या आजीला खांद्याला धरून उजेडाकडे वळवा, फोटो नीट येतो. तिबेटी झगा भाड्यानं मिळतो, तो घाला. आणि ग्रुपमधल्या एका तरी माणसानं दुकानातल्या पोराला मोठ्यानं सांगितलंच पाहिजे, 'दलाई लामा आमच्याकडे असतात, बरं का!' वर फोनमधला धरमशालेचा फोटो दाखवावा. पोरगा इकडेतिकडे बघेल, हसेल आणि याकच्या केसाचा गोफ पुढे करेल. त्यानं विषय का बदलला याचा विचार करू नका. तुमचं परतीचं तिकीट आहे.

रात्री गावात राहता येत नाही, संध्याकाळी सगळ्यांनी बाहेर पडायचं. शेवटच्या बसच्या तासभर आधी थोडं असं होतं की गर्दी खाली सरकते, वारा पडतो आणि तळ्यात समोरचा डोंगर उलटा उभा राहतो, एक रेघ हलत नाही. नेमकं तेव्हा हॉटेलवर जेवण सात वाजता की साडेसात वाजता, यावर टूर मॅनेजरशी बोलून घ्यावं.

परत आल्यावर फोटो लगेच टाकू नका. आधी रंग वाढवा. निळा थोडा आणखी निळा, हिरवा आणखी हिरवा. मग फॅमिली ग्रुपवर चारशे फोटो एकदम. पहिला प्रतिसाद आत्याचा येईल, गुड मॉर्निंगचा गुलाब. दुसरा भाच्याचा, 'एआयनं केलंय ना?' त्याला झापा. रविवारी सगळे घरी येतील, खाकऱ्याचं उरलेलं पाकीट फुटेल, आणि वहिनी फोटो मोठा करत विचारतील, 'खरंच एवढं निळं होतं का हो?'

गांगरू नका. हात पुढे करा आणि म्हणा, 'द्या इकडे फोन, बघून सांगतो.'