खरवडलेल्या चित्राविषयी थोडं भांडण

काका, नमस्कार. (काका म्हणतेय, कारण 1968 साली मॅट्रिक झाल्याचं तुम्हीच लिहिलंय.)

नॉर्वेजियन चित्रकार एडवर्ड मुंकवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चिडलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एका माणसाचं घरगुती रडगाणं म्हणजे कला नव्हे. त्याची चित्रं अर्धवट वाटतात, हात कच्चा आहे. आपल्या नाशकात शिवाजी तुपेंसारख्या चित्रकारानं जलरंगात गोदाघाट उभा केला, तो सोडून मी ऑस्लोचं कौतुक काय सांगते? आणि शेवटी रामकुंडाचा दाखला. तिथं माणसं दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की घरी जातात, तुमचा मुंक मात्र चाळीस वर्षं मेलेल्या बहिणीला धरून बसला.

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. पटलं मात्र नाही.

आधी ‘अर्धवट’चं बघू. हा आरोप 1886 सालापासूनचा आहे. ‘आजारी मूल’ हे चित्र क्रिस्तियानियात, म्हणजे आताच्या ऑस्लोत, शरद प्रदर्शनात लागलं तेव्हा लोक हसले, समीक्षकांनी झोडपलं. मुंक तेव्हा 22 वर्षांचा होता आणि चित्राला त्यानं नावच ‘अभ्यास’ असं दिलं होतं. समोर उभं राहिलं की दिसतं, रंग थापलाय, खरवडलाय, परत थापलाय. वरून खाली ओरखडे उतरलेत. वर्षभर त्याचं हेच चाललं होतं. कच्च्या हाताचा माणूस इतका वेळ खरवडत बसत नाही काका, तो दुसरा कॅनव्हास घेतो.

आता रडगाणं. बहीण सोफी 1877 साली क्षयानं गेली, पंधराव्या वर्षी. आई त्याच्याही आधी, मुंक पाच वर्षांचा असताना, त्याच रोगानं. पण चित्रात उशीला टेकून बसलेली ती तांबूस केसांची मुलगी सोफी नाहीच! ती बेत्सी नावाची 11 वर्षांची मॉडेल. वडील डॉक्टर होते, त्यांच्याबरोबर एका रुग्णाकडे गेला असताना ती त्याला दिसली होती. शेजारी मान खाली घातलेली बाई म्हणजे त्याची मावशी कारेन, आईच्या जागी बसवलेली. नऊ वर्षांपूर्वीचं दुःख पुन्हा मांडायला त्यानं माणसं बसवली, उजेड ठरवला, रंग खरवडले. याला रडणं म्हणायचं का? मला तर यात तुमच्या घाटावरच्या चित्रकारांची शिस्तच दिसते. फरक साधनाचा आहे. जलरंगात कागदाचा पांढरा राखावा लागतो, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, टाकला की हात आवरावा लागतो. मी एकदा घाटावरचा दुतोंड्या मारुती काढताना पाण्याची कड पुसत बसले, तर कागदाला लव सुटली आणि मारुती चिखलात गेला. तैलरंग खरवडणं सोसतो, म्हणून मुंकला ते जमलं. तो जलरंगातच राहिला असता तर ‘आजारी मूल’ झालंच नसतं, असं मला वाटतं.

इथे तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देते. या विषयाची त्यानं 6 तैलचित्रं केली, शेवटची 1920च्या दशकात. मी लेखात लिहिलं की जखम भरली नाही म्हणून. अर्धंच खरं होतं ते. 1896चं चित्र एका नॉर्वेजियन उद्योजकानं सांगून करून घेतलं होतं, 1907चं एक, टील या स्वीडिश बँकरनं. म्हणजे दुःखाची ऑर्डरही येत होती, आणि तो ती पुरी करत होता.

रामकुंडाचं म्हणाल, तर तिथं तरी दुःख सुटतं का? विधी सुटतो. माझ्या आजोबांच्या बहिणीला क्षयासाठी हवापालट म्हणून देवळालीला ठेवलं होतं. ती तिथंच गेली, दहावा रामकुंडावरच झाला. त्यानंतर आजोबा वारले तोवर, घरात तिचं नाव कोणी काढलं नाही. देव्हाऱ्यामागे तिचा एक फोटो होता, तोही मला सापडला तो योगायोगानं. ऑस्लोत ‘आजारी मूल’पुढे मी एवढा वेळ का उभी होते, ते लेखात लिहायचं टाळलं होतं. तुम्ही छेडलंत म्हणून आता लिहिलं.

त्याच्या ‘किंकाळी’ या चित्राबद्दल तुम्ही म्हणता, कोपऱ्यात त्यानं स्वतःच पेन्सिलनं लिहिलंय की हे वेडाच काढू शकतो, मग आणखी पुरावा कशाला. अक्षर त्याचंच, हे नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयानं 2021 साली इन्फ्रारेड तपासणी करून सांगितलं. पण 1895 साली प्रदर्शनावरच्या चर्चेत एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं त्याच्या डोक्याबद्दल शंका घेतली होती, आणि ती ओळ त्यानंतरची असावी असं तिथल्या अभ्यासकांना वाटतं. मला ती टोमण्यासारखी वाचता येते, कबुलीजबाबासारखी नाही.

एक चूक मात्र कबूल. प्रत्येक चित्रामागे मी त्याच्या घरातला एक मृत्यू उभा केला. ‘किंकाळी’तल्या त्या तांबड्या आकाशाला तरी मोकळं सोडायला हवं होतं. तो परिच्छेद आज रात्री बदलते.

तुपेंवर लिहायचं राहिलंय, हेही खरं. तुम्ही त्यांना घाटावर काम करताना पाहिलंय म्हणता, तर एवढं सांगा: पहिला वॉश ते कुठून सुरू करायचे, आभाळातून की पाण्यातून?